सूर्य कशाचा घडला आहे? : विदुषी सेसिलिया पेन यांची जीवनकथा

रथसप्तमीच्या सकाळी अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू घालवण्याची चाल आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परमुलखात आल्यावर अंगणाची जागा गच्चीने घेतली, गोवऱ्यांची जागा शेगडीने घेतली. तरी त्या दिवशी पूर्वेकडे तोंड करून हात जोडणारी माणसे आपल्या घरांतून अजून आहेत. ज्या सूर्याला आपण हात जोडतो तो मुळात कशाचा घडला आहे, हा प्रश्न मात्र त्या घाईत सहसा कोणाच्या मनात येत नाही. त्याचे खरे उत्तर माणसाच्या हाती लागून जेमतेम शंभर वर्षे झाली आहेत. ते प्रथम एका पंचवीस वर्षांच्या तरुणीला सापडले, आणि सापडल्यावर तिला स्वतःच्याच लेखणीने ते नाकारावे लागले. त्या विदुषीचे नाव सेसिलिया पेन. तिची जीवनकथा आम्ही या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत.

सेसिलियाचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधील बकिंगहॅमशायर परगण्यात वेंडोव्हर या गावी झाला. वडील एडवर्ड पेन हे लंडनमधील बॅरिस्टर. इतिहासाचे व्यासंगी आणि संगीताचे जाणकार. आई एमा ही मूळच्या जर्मन घराण्यातली. सेसिलिया चार वर्षांची असताना वडील वारले आणि तीन मुलांना वाढवण्याचा भार आईवर एकटीवर पडला. मुलगी लहानपणापासूनच चौकस. मोठेपणी संशोधन करावयाचे हे तिने फार लवकर ठरवून टाकले होते. आपण मोठे होईपर्यंत जगातले सारे शोध लागून जातील की काय, एवढीच तिला धास्ती होती. धार्मिक वळणाच्या शाळेत असताना तिने प्रार्थनेचीही परीक्षा घेतली. काही विषयांच्या परीक्षेपूर्वी प्रार्थना करावयाची, काहींच्या पूर्वी करावयाची नाही, आणि मग गुण ताडून पाहावयाचे. प्रार्थना न केलेल्या विषयांतच गुण अधिक पडले! यात अश्रद्धेपेक्षा पडताळून पाहण्याची वृत्तीच आम्हांला अधिक दिसते. पुढे सूर्याच्या बाबतीत हीच वृत्ती तिच्या कामी आली.

पुढे लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेत तिला विज्ञान शिकण्याची मोकळीक मिळाली. त्या शाळेत संगीत शिकवीत होते प्रसिद्ध संगीतरचनाकार गुस्ताव होल्स्ट. या मुलीने संगीताला वाहून घ्यावे अशी त्यांची इच्छा होती. पण तिचा ओढा विज्ञानाकडेच राहिला. १९१९ साली शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिज विद्यापीठाच्या न्यूनहॅम या स्त्रियांच्या महाविद्यालयात दाखल झाली. (इंदूरला जन्मलेल्या आपल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३७ साली याच महाविद्यालयात संशोधनासाठी गेल्या, हे वाचकांना सांगावेसे वाटते.) सेसिलियाचा मुख्य विषय होता वनस्पतिशास्त्र, जोडीला पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र.

त्याच वर्षी एक घटना घडली आणि तिच्या आयुष्याची दिशा बदलली. मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेण्यासाठी ज्योतिर्विद आर्थर एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील प्रिन्सिपे बेटावर गेले होते. सूर्याजवळून जाणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे आइन्स्टाइन यांचे भाकीत त्यांनी पडताळून पाहिले. या मोहिमेवर केंब्रिजमध्ये त्यांचे व्याख्यान ठरले. न्यूनहॅमच्या वाट्याला चारच तिकिटे आली होती. त्यांतले एक तिच्या मैत्रिणीचे होते. मैत्रिणीला ऐन वेळी जाता आले नाही आणि ते तिकीट सेसिलियाच्या हाती आले. व्याख्यान ऐकून ती खोलीवर परतली ती झपाटल्यासारखी. ऐकलेले सारे तिने जवळजवळ जसेच्या तसे लिहून काढले, आणि त्यानंतर तीन रात्री तिला झोप आली नाही. वनस्पतिशास्त्र मागे पडले. पदार्थविज्ञान आणि ज्योतिःशास्त्र हा तिचा मार्ग ठरला.

मार्ग ठरला, पण वाट सोपी नव्हती. रदरफर्ड यांच्या वर्गात विद्यार्थिनींना पुढच्या बाकांवर बसण्याचा नियम होता. तेथे ती बहुधा एकटीच असे. व्याख्यानाच्या आरंभी स्त्रियांना उद्देशून संबोधन झाले की मागचे विद्यार्थी पाय आपटून गलका करीत. सर्व परीक्षा उत्तीर्ण झाली तरी पदवी मिळावयाची नाही, कारण केंब्रिजने स्त्रियांना पदव्या देण्यास आरंभ केला तो १९४८ साली. इंग्लंडमध्ये तिच्यापुढे एकच रस्ता दिसत होता, शाळेतल्या शिक्षिकेचा. अशा वेळी अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांचे व्याख्यान लंडन येथे झाले. ती त्यांना जाऊन भेटली आणि आपल्याला त्यांच्याकडे काम करावयाचे आहे असे तिने स्पष्ट सांगितले. पुढे एक लहानशी शिष्यवृत्ती मिळाली, आणि १९२३ च्या सप्टेंबरात ती बोटीने अमेरिकेला निघाली. एका केंब्रिजमधून निघून ती दुसऱ्या केंब्रिजला पोहोचली, कारण हार्वर्ड वेधशाळा मॅसॅच्युसेट्स राज्यातील त्याच नावाच्या गावी आहे. मायदेशी पुन्हा कायमचे राहणे तिच्या नशिबी नव्हते.

सेसिलियाबाईंनी तेथे काय केले हे समजण्यासाठी थोडी मागची हकीकत सांगणे अवश्य आहे. सूर्याचा किरण लोलकातून गेला म्हणजे सप्तरंगी पट्टा उमटतो. त्यास वर्णपट म्हणतात. तो बारकाईने पाहिल्यास त्यात शेकडो काळ्या रेषा दिसतात. जर्मनीतील फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास त्यांचा नकाशा तयार केला. या रेषा कशाच्या, हे १८५९ साली हायडेलबर्ग येथे किरखॉफ आणि बुन्सेन यांनी उलगडले. प्रत्येक मूलद्रव्य प्रकाशातील ठरावीक रंग तेवढे शोषून घेते, आणि जेथे रंग शोषला जातो तेथे काळी रेषा उमटते. रेषा म्हणजे मूलद्रव्याची जणू सहीच. तारे कशाचे बनले आहेत हे मानवाला कधीही कळणार नाही, असे फ्रेंच तत्त्ववेत्ते ओग्यूस्त कोंत यांनी १८३५ साली लिहिले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत सूर्यावरील लोखंड, सोडियम आणि कॅल्शियम ओळखले गेले.

या शोधमालिकेतील एक प्रकरण आपल्या भूमीवरचे आहे. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया कोकण किनाऱ्यावरून दख्खन ओलांडीत पूर्व किनाऱ्याकडे गेली. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन यांनी गुंटूर येथे वेध घेतले आणि सूर्याच्या कडेवरील ज्वाला तप्त वायूच्या आहेत हे पाहिले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणावाचूनच त्या ज्वालांचा वर्णपट मिळवला आणि त्यातील एका पिवळ्या रेषेचे स्थान निश्चित केले. ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याची नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या मूलद्रव्याला हीलियम म्हणू लागले. ते पृथ्वीवर सापडले १८९५ साली, विल्यम रॅम्झी यांना. विजयदुर्ग किल्ल्यावरील साहेबाचे कट्टे दाखवून हीलियमचा शोध येथे लागला असे कोकणात अभिमानाने सांगतात. ग्रहणाची छाया त्या बाजूने गेली हे खरे. मात्र लॉकियर यांनी ती रेषा निश्चित केली ती इंग्लंडमध्ये.

अशा रीतीने सूर्यावर काय काय आहे याची यादी हाती आली. पण किती किती आहे? येथे शास्त्रज्ञांची फसगत झाली. सूर्याच्या वर्णपटात लोखंडाच्या रेषा मोप, कॅल्शियमच्या रेषा ठळक, हायड्रोजनच्या मोजक्या. तेव्हा सूर्य हा पृथ्वीसारख्याच पदार्थांचा गोळा असून केवळ अतिशय तापलेला आहे, अशी समजूत रूढ झाली. पृथ्वी सूर्याइतकी तापवली तर तिचाही वर्णपट तसाच दिसेल, असे थोर थोर पंडित म्हणत. सभेत ज्यांचा आवाज मोठा तेच संख्येने अधिक, असे मानण्यासारखाच हा प्रकार होता.

ही चूक दूर करण्याची किल्ली कलकत्त्यात घडली. ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचा मुलगा, मेघनाद साहा, कलकत्ता विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवीत होता. त्याच्याजवळ मोठी दुर्बीण नव्हती. त्याने कागदावर प्रश्न सोडवला. उष्णता वाढत गेली की अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या पायऱ्यांवर चढतात आणि शेवटी अणूपासून सुटतात. याला आयनीभवन म्हणतात. कोणत्या तापमानाला व दाबाला किती अणू असे सुटे होतील याचे समीकरण साहांनी मांडले आणि १९२० साली ते इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याचा मथितार्थ असा की, रेषेची ठळकता केवळ द्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून नसते. त्या तापमानाला त्या द्रव्याचे किती अणू रेषा उमटवण्याच्या स्थितीत आहेत, यावर ती अवलंबून असते. पुढे १९२३ ते १९३८ या काळात साहा प्रयागच्या विद्यापीठात अध्यापक होते. आपल्यापैकी जी कुटुंबे कलकत्त्यात वा प्रयागात स्थायिक झाली आहेत, त्यांना हा दुवा परका वाटणार नाही.

आता पुन्हा हार्वर्डकडे वळू. त्या वेधशाळेत ताऱ्यांची छायाचित्रे असलेल्या काचेच्या लक्षावधी पट्ट्या जतन केलेल्या होत्या. ॲनी जंप कॅनन या विदुषीने त्यांवरून सव्वादोन लाखांहून अधिक ताऱ्यांच्या वर्णपटांचे वर्गीकरण केले होते. सामग्रीचे असे भांडार जगात दुसरीकडे नव्हते. केंब्रिजमध्ये असताना एडवर्ड मिल्न यांनी सेसिलियाबाईंना सुचवले होते की, संधी मिळाली तर या पट्ट्यांवर साहांचे समीकरण लावून पाहावे. त्यांनी ते काम अंगावर घेतले. तारे वर्गावर्गांनी मांडावयाचे. एखाद्या मूलद्रव्याची रेषा कोणत्या वर्गात नुकती दिसू लागते, कोणत्या वर्गात ठळक होते व कोठे मावळते, हे भिंगाखाली पाहावयाचे. त्यावरून ताऱ्यांची तापमाने ठरवावयाची. आणि अखेर समीकरणाच्या साह्याने प्रत्येक द्रव्याचे प्रमाण काढावयाचे. दोन वर्षे रात्रंदिवस त्यांनी हा उद्योग केला.

त्यातून दोन गोष्टी निष्पन्न झाल्या. पहिली अशी की, ताऱ्यांचे वर्णपट एकमेकांपासून इतके भिन्न दिसतात ते मुख्यतः तापमानामुळे. त्यांची रासायनिक घडण बहुतांशी सारखीच आहे. दुसरी गोष्ट धक्का देणारी होती. त्यांनी १८ मूलद्रव्यांचे प्रमाण काढले. त्यांतील सिलिकॉन, कार्बन आणि धातू यांचे आपसांतले प्रमाण पृथ्वीवरच्याशी पुष्कळसे जुळत होते. पण हायड्रोजन? तो धातूंच्या मानाने सुमारे दहा लाख पट निघाला, आणि हीलियमही अतोनात निघाला. याचे कारण समीकरणात स्पष्ट होते. सूर्याच्या पृष्ठभागी तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस. एवढ्या उष्णतेत हायड्रोजनच्या कोट्यवधी अणूंपैकी एखादाच अणू दृश्य रेषा उमटवण्याच्या स्थितीत असतो; उलट कॅल्शियमचे बहुतेक सारे अणू आपली ठळक रेषा उमटवण्यास सिद्ध असतात. ज्या हायड्रोजनचे कोट्यवधी अणू गप्प आहेत आणि तरीही रेषा दिसते आहे, तो मुळात किती अफाट असला पाहिजे!

या निष्कर्षाचा अर्थ असा होता की सूर्य हा पृथ्वीसारखा नाहीच. तो हायड्रोजनचा गोळा आहे, आणि आपली पृथ्वी हाच अपवाद आहे.

शॅप्ली यांनी प्रबंधाचा मसुदा प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवला. रसेल हे त्या काळी अमेरिकेतील ज्योतिर्विदांचे मुकुटमणी. तरुण संशोधकाचे भवितव्य त्यांच्या एका शब्दावर ठरत असे. त्यांनी प्रबंधाची वाखाणणी केली; परंतु हायड्रोजन धातूंच्या दहा लाख पट असणे हे उघडच अशक्य आहे, असे १९२५ च्या जानेवारीत त्यांनी लिहून कळवले. सूर्य आणि पृथ्वी यांची घडण एकच, या समजुतीला त्यांचा भक्कम पाठिंबा होता. यात आकस नव्हता. पण चुकीच्या समजुतीला प्रामाणिकपणाचे बळ मिळाले की ती अधिकच दुर्भेद्य होते.

सेसिलियाबाई पंचवीस वर्षांच्या होत्या. परदेशात, एकट्या, शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या. रसेल यांना दुखवून ज्योतिःशास्त्रात पाऊल टिकणे कठीण होते. त्यांनी आकडे तसेच ठेवले, आकडेमोड तशीच ठेवली. मात्र हायड्रोजन आणि हीलियम यांची ही प्रमाणे बहुधा खरी नसावीत, अशी पुस्ती जोडली. १९२५ साली तो प्रबंध ग्रंथरूपाने निघाला आणि त्यावर रॅडक्लिफ महाविद्यालयाने त्यांना डॉक्टरेट दिली. पुढे १९६२ साली ऑटो स्ट्रूव्ह आणि वेल्टा झेबर्ग्स या ज्योतिर्विदांनी आपल्या इतिहासग्रंथात, ज्योतिःशास्त्रात आजवर लिहिल्या गेलेल्या प्रबंधांत हा सर्वांत तेजस्वी, असा निर्वाळा दिला. त्या तेजस्वी प्रबंधाचा सर्वांत तेजस्वी निष्कर्ष मात्र लेखिकेनेच खोटा म्हणून बाजूला ठेवला होता.

चार वर्षे गेली. १९२९ साली स्वतः रसेल यांनी निराळ्या पद्धतीने सूर्याच्या वातावरणातील ५६ मूलद्रव्यांची प्रमाणे काढली, आणि त्यांनाही हायड्रोजनच प्रचंड आढळला. आता त्यांनी तो स्वीकारला. आपले आकडे पेन यांच्या आकड्यांशी जुळतात हे त्यांनी लेखात नमूद केले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने सांगितलीच पाहिजे. पण लोकांच्या तोंडी शोध राहिला तो रसेल यांचा. सत्याला मान्यता मिळाली. ते आधी पाहणारीला मिळावयाची राहिली.

आता या शोधाचे महत्त्व पाहू. सूर्य इतकी वर्षे जळतो आहे, तो कशावर? तो कोळशाचा असता तर काही हजार वर्षांत राख झाली असती. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ आणि केल्व्हिन यांनी सुचवले की सूर्य स्वतःच्या भाराने आकुंचन पावत असून त्यातून उष्णता निघते. पण तो हिशोब काही कोटी वर्षांपुढे जात नव्हता, आणि पृथ्वीवरील खडक त्याहून कितीतरी जुने निघत होते. १९२० साली ॲस्टन यांनी अणूंची वजने अचूक मोजली, तेव्हा हायड्रोजनच्या चार अणूंपेक्षा हीलियमचा एक अणू किंचित हलका भरला. एडिंग्टन यांनी लगेच ताडले की चार हायड्रोजन मिळून एक हीलियम होत असेल, तर घटलेल्या वस्तुमानाची ऊर्जा होत असली पाहिजे. सूर्याचे इंधन हेच असेल. अडचण एवढीच होती की सूर्यावर त्यासाठी पुरेसा हायड्रोजन आहे असे कोणी मानत नव्हते. ती अडचण सेसिलियाबाईंच्या आकड्यांनी दूर होण्यासारखी होती. गंमत अशी की, त्यांनी आपला निष्कर्ष एडिंग्टन यांच्या कानावर घातला, तेव्हा तो हायड्रोजन ताऱ्यांच्या पृष्ठभागी असेल, अंतरंगात नसेल, असा त्यांनाही संशय आला. १९३२ साली डेन्मार्कचे स्ट्रोमग्रेन आणि स्वतः एडिंग्टन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की अंतरंगातही हायड्रोजन विपुल आहे. मग १९३८ आणि १९३९ साली हान्स बेथे यांनी हायड्रोजनचे हीलियम कोणकोणत्या पायऱ्यांनी होते हे मांडले, आणि त्या कार्याबद्दल १९६७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या माहितीप्रमाणे सूर्याच्या दृश्य भागात वजनाने सुमारे ७४ टक्के हायड्रोजन, २५ टक्के हीलियम आणि उरलेल्या एक-दीड टक्क्यात ऑक्सिजन, कार्बन, निऑन, लोखंड इत्यादी इतर सर्व द्रव्ये आहेत. केंद्राशी तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे. तेथे हायड्रोजनची दोन अणुकेंद्रे, म्हणजे दोन प्रोटॉन, एकमेकांवर आदळतात. क्वचितच त्यांतील एकाचा न्यूट्रॉन होऊन ती जुळतात. ही पहिली पायरी इतकी दुर्मीळ आहे की एखाद्या प्रोटॉनला तिची वाट शेकडो कोटी वर्षे पाहावी लागते. म्हणूनच सूर्य एकदम भडकून न जाता मंद आचेवर राहतो. पुढच्या पायऱ्या झपाट्याने होतात आणि शेवटी हीलियम तयार होतो. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हीलियम होते आणि त्यात ४२ लाख टन वस्तुमानाची ऊर्जा होते. या क्रियेत निघणारे न्यूट्रिनो नावाचे कण १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पृथ्वीवर टिपले गेले आहेत; त्यामुळे हा सिद्धांत आता केवळ तर्क राहिलेला नाही. सूर्याचे वय सुमारे ४६० कोटी वर्षे असून आणखी सुमारे ५०० कोटी वर्षे पुरेल एवढे इंधन त्याच्यापाशी आहे. या साऱ्या इमारतीचा पाया म्हणजे १९२५ सालचा तो नाकारलेला आकडा.

सेसिलियाबाईंचे पुढचे आयुष्य अखंड कष्टाचे गेले. हार्वर्डमध्ये त्या व्याख्याने देत, विद्यार्थी तयार करीत. परंतु त्यांच्या वर्गांचा उल्लेख विद्यापीठाच्या माहितीपत्रकात १९४५ पर्यंत नव्हता. त्यांचा पगार शॅप्ली वेधशाळेच्या साहित्यखर्चातून काढीत. तो इतका अल्प होता की, इंग्लंडमधील आप्तांना सांगण्याची त्यांना लाज वाटे. आप्त मात्र समजत की, मुलगी धनाढ्यांच्या देशात जाऊन पैशाच्या राशी घालीत आहे! घर सोडून दूर गेलेल्या माणसाला ही अडचण निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

१९३१ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. दोन वर्षांनी युरोपच्या प्रवासात जर्मनीतील गॉटिंगेन येथे त्यांची सर्गेई गापोश्किन या रशियन ज्योतिर्विदाशी गाठ पडली. त्याला मायदेशी परतणे शक्य नव्हते आणि हिटलरच्या जर्मनीत राहणे धोक्याचे झाले होते. सेसिलियाबाईंनी खटपट करून त्याला अमेरिकेत आणले. १९३४ च्या मार्च महिन्यात दोघांचा विवाह झाला. त्यांना तीन मुले झाली. संसार सांभाळून पतिपत्नींनी मिळून चल ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे तेज कमीजास्त होत असते अशा ताऱ्यांच्या, अभ्यासाचे प्रचंड काम उभे केले. सहकाऱ्यांसह त्यांनी घेतलेल्या नोंदींची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली.

मान्यता आली, पण सावकाश आली. १९३८ साली त्यांना ज्योतिर्विद हा हुद्दा मिळाला. १९५६ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी, प्राध्यापकपद. हार्वर्डच्या कला-विज्ञान शाखेत आतल्या बढतीने पूर्ण प्राध्यापक होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पाठोपाठ त्या ज्योतिःशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या. हार्वर्डमधील एखाद्या विभागाचे प्रमुखपद स्त्रीकडे येण्याचाही तो पहिलाच प्रसंग. १९६६ साली त्या निवृत्त झाल्या, तरी काम थांबले नाही.

आणि १९७६ साली अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने आपला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. त्या सन्मानाला नाव आहे हेन्री नॉरिस रसेल यांचे. ज्यांच्या शब्दाखातर त्यांनी आपला निष्कर्ष मागे घेतला होता, त्यांच्याच नावाचा मान एक्कावन्न वर्षांनी त्यांच्या हाती आला. त्या प्रसंगी त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. जगाच्या इतिहासात एखादी गोष्ट सर्वांआधी आपण पाहतो आहोत, त्या क्षणाचा आनंद हेच तरुण शास्त्रज्ञाचे खरे बक्षीस, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आठवणींत मात्र त्यांनी त्या जुन्या माघारीचा हिशोब चुकता केला आहे, आणि दोष ठेवला आहे तो स्वतःवर. आपण बरोबर आहोत असे वाटत असतानाही आपण मोठ्यांच्या शब्दापुढे नमलो. तरुणांनी असे करू नये, आपल्या पुराव्याची खात्री असेल तर त्यावर ठाम उभे राहावे, असे त्यांचे सांगणे आहे. ७ डिसेंबर १९७९ रोजी केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स येथे त्यांचे देहावसान झाले.

आम्हांला या चरित्रात सर्वांत मोलाची वाटते ती ही शेवटची गोष्ट. त्यांना बोल लावण्याचा अधिकार आम्हांला नाही. परक्या मुलखात, आधारावाचून, विशीत असताना त्यांच्या जागी दुसरे कोणी ठामपणे उभे राहिले असते असेही आम्ही म्हणत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यांनी पुस्ती जोडली, तरी आकडे बदलले नाहीत. रसेल यांना पटावेत म्हणून एकही आकडा त्यांनी लहान केला नाही. म्हणूनच चार वर्षांनी जगाने मागे वळून पाहिले, तेव्हा सत्य जेथे ठेवले होते तेथेच सापडले. माणसाला कधी कधी गप्प बसावे लागते. पण आपल्या वहीतला हिशोब त्याने खरा ठेवला, तर काळ तो वाचतोच.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षांची वाटचाल पुरी केली आहे. सेसिलियाबाईंच्या शोधालाही उघड मान मिळण्यास पन्नास वर्षांहून अधिक काळ लागला, आणि २०२५ साली त्या प्रबंधाला शंभर वर्षे पूर्ण झाली. येत्या रथसप्तमीला दूध उतू जात असताना घरातल्या एखाद्या मुलीने सूर्य कशाचा घडला आहे असे विचारलेच, तर तिला उत्तर द्यावे. आणि ते उत्तर प्रथम कोणी शोधले हेही सांगावे.